टेन्शनमुळे वडिलांचं डेंटल इम्प्लांट बिघडू शकतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील 72 वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी खालच्या दाढांच्या जागी दोन इम्प्लांट (हाडात रोवलेलं कृत्रिम मूळ आणि त्यावर दातासारखी कॅप) बसवले, आई गेल्यापासून त्यांची झोप उडालीय आणि आता एका इम्प्लांटभोवतीच्या हिरडीतून रक्त येतं. हे टेन्शनमुळे असेल का?

मी दंतवैद्य आहे. निव्वळ टेन्शनने इम्प्लांट निकामी होतं, असं सिद्ध झालेलं नाही. पण टेन्शन तिथवर कुठल्या वाटांनी पोचतं, ते मी बरेचदा पाहिलंय.

सगळ्यात नेहमीची वाट अगदी साधी आहे. घरात दुःख झालं की माणूस ब्रश नावापुरता फिरवतो, फटीतला छोटा ब्रश तर हातातही घेत नाही. सहामाही तपासणी चुकते, कुणाची सुटलेली सिगारेट परत सुरू होते. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला जंतूंचा त्रास होतोच. रक्त येतंय म्हणजे तिथे प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साठलाय असं आधी धरून चाला.

शरीर त्याची भर घालतं. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहतं, जंतूंशी लढणं आणि जखम भरणं मंदावतं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर 3.5 मिलिमीटरची छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात, हे अमेरिकेत एका अभ्यासात मोजलं होतं. 1995 साली तो प्रसिद्ध झाला. त्यांच्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा त्यांना सुमारे 9 दिवस जास्त लागले. जखम हातावरची होती, हिरडीची नव्हे. तरी उतारवयात हाड आणि हिरडी भरून यायला आधीच वेळ लागतो, त्यात ही भर.

तिसरी वाट झोपेत दात खाण्याची. माझ्याकडे एक आजोबा रुमालात गुंडाळलेली कॅप घेऊन आले होते. कॅप धरून ठेवणारा आतला स्क्रू दुसऱ्यांदा सैल झाला होता. 'दुखत काहीच नाही हो,' म्हणाले. शेजारचे खरे दात पाहिले तर टोकं घासून सपाट झालेली, आरशासारखी चमकत होती, आणि जिभेच्या कडांवर दातांचे ठसे. बोलता बोलता कळलं, पत्नी अंथरुणाला खिळलेली, रात्री तीन-चारदा उठावं लागायचं.

दुखत का नव्हतं? खऱ्या दाताच्या मुळाभोवती जेमतेम पाव मिलिमीटरचा तंतूंचा थर असतो. जोर जास्त झाला की तो मेंदूला कळवतो. इम्प्लांटभोवती तो नसतो, टायटॅनियम सरळ हाडाला चिकटलेलं असतं. त्यामुळे स्क्रू ढिला होईपर्यंत किंवा सिरॅमिकचा टवका उडेपर्यंत पत्ता लागत नाही. त्या आजोबांना स्क्रू बदलून रात्री दातांवर लावायचं कवच, म्हणजे नाइट गार्ड, दिला. दात खाणं त्याने थांबत नाही, फक्त मार गार्डवर बसतो.

गोळ्यांचंही बघा. नैराश्याच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, आणि लाळ कमी झाली की जंतूंचं फावतं. मात्र त्या गोळ्या स्वतःहून अजिबात बंद करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी आणि दंतवैद्याशी, दोघांशी बोला.

आता तुमच्या वडिलांचं. 'दुखत नाही ना, मग बघू' असं करू नका, याच आठवड्यात दाखवा. डॉक्टर प्रोबने, म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळीने, हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली मोजतील, एक्स-रे काढून हाडाची पातळी आधीच्याशी ताडून पाहतील. सूज हिरडीपुरतीच असेल तर नीट साफसफाईने ती सहसा परतवता येते. हाड झिजायला लागलं असेल तर त्याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात, आणि गेलेलं हाड पुरतं परत मिळवणं कठीण असतं. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या.

जाताना कॅप बसवली त्या वेळचा एक्स-रे आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. आई गेल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा, वडील सांगणार नाहीत. आणि एक-दोन रात्री त्यांच्या खोलीत झोपून बघा, दात खाल्ल्याचा आवाज येतो का. एरवी ही तक्रार घेऊन माझ्याकडे पेशंटची बायकोच येते.