सह्याद्रीचा ज्वालामुखी गेला कुठे?

प्रश्न : सह्याद्री ज्वालामुखीतून तयार झाला, असं मुलीच्या पुस्तकात आहे. मग ज्वालामुखी म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे धूर ओकणारा एकही डोंगर कसा नाही?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : जमिनीखाली खोलवर काही ठिकाणी खडक वितळतो. हा शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर सरकतो आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतो. ती वाट म्हणजे ज्वालामुखी. त्यासाठी शंकूसारखा डोंगर लागतोच असं मुळीच नाही. दख्खनमध्ये सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा दूरवर पसरला. तो निवला की त्यावर पुढचा थर.

तुम्ही जुन्नरचे, म्हणजे माळशेज घाट हाकेच्या अंतरावर! मुलीला घेऊन जाच. कड्यांवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे हेच थर. थराच्या वरच्या भागातला दगड नीट पाहा, त्यात बारीक भोकं दिसतील. लाव्हा गोठताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या जागा. काहींत पांढरे स्फटिक चमकतात. ते पुढे झिरपलेल्या पाण्यातून तयार झाले. कृपा करून ते फोडून आणू नका.

धुराचं म्हणाल, तर शिलारसाचा पुरवठा कधीच थांबला. भारतीय भूखंड उत्तरेला सरकला. तो मूळ तप्त स्रोत आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे, असं अनेक भूवैज्ञानिक मानतात. तिथला ज्वालामुखी अजूनही लाव्हा ओकतो. भारतातला जागा ज्वालामुखी पाहायचा, तर अंदमानचं बॅरन बेट.