वेचणीची वही आणि ६५० शब्द

प्रश्न: मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात राहते, बारावी सायन्सला आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन ॲपचा, म्हणजे एकाच अर्जावर अनेक कॉलेजांना अर्ज करता येतो तो, फॉर्म भरतेय. त्यात स्वतःबद्दल निबंध मागितलाय. ओळखीचा एक दादा म्हणतो, "यवतमाळ जिल्हा आहे, शेतकरी आत्महत्येनं सुरुवात कर, त्यांना तेच लागतं." आमच्या घरी तसं काही झालेलं नाही, कर्ज मात्र आहे. मी कुठली स्पर्धा जिंकलेली नाही. दिवाळीनंतर वावरात कापूस वेचणीचा हिशेब मी ठेवते, बस. इंग्रजीही कच्चं आहे. काय लिहू?

उत्तर: दादाचं ऐकू नकोस. ज्यांच्या घरात हे घडलं, त्यांची मुलं तुझ्याच शाळेत असतील. त्यांचं दुःख आपल्या अर्जासाठी वापरू नये. शिवाय आत्महत्या, कर्ज, बोंडअळी हे यवतमाळबद्दल कुणीही लिहू शकतं. वाचणाऱ्याला त्यातून जिल्हा कळेल, तू कळणार नाहीस.

घरचं कर्ज लपवायचं नाही, पण त्याची जागा वेगळी आहे. आर्थिक मदतीसाठी अनेक कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा स्वतंत्र फॉर्म मागतात. उत्पन्न, शेती, कर्ज सगळं तिथं सांग. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांनाही घरची ऐपत न बघता निवडतात आणि निवडल्यावर गरजेइतकी मदत करतात. बाकी बऱ्याच ठिकाणी जास्त मदत मागणाऱ्या परदेशी मुलांची निवड अवघड होते. यादी करताना हे बघ.

आता तुझं ते "बस". मला तुझ्या पत्रात सगळ्यात मोलाचं तेच वाटलं. सकाळच्या दवात वेचलेला कापूस वजनाला जास्त भरतो. वेचाई, म्हणजे वेचणीची मजुरी, किलोवर असते; म्हणून पहाटे आलेल्या बाईच्या हाती चार पैसे जास्त. पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर माल घेत नाहीत. म्हणजे तोटा बाबांचा. आणि या दोघांच्या मधे काट्यापाशी वही घेऊन तू उभी! एखादी बाई वजनावरून अडून बसली तेव्हा तू काय केलंस? गाठोड्याच्या कापडाचं वजन वजा करतेस का, आणि ते कुणी ठरवलं? बाबा एक म्हणाले आणि तुला दुसरं पटलं, असं कधी झालं का? यातला एकच प्रसंग घे आणि तो नीट सांग. काट्यावर किती भरलं, बाई काय बोलली, तू वहीत काय लिहिलंस, रात्री मनात काय राहिलं. तुझी न्यायबुद्धी तिथं दिसेल, "मी प्रामाणिक आहे" असं लिहावं लागणार नाही. तुझा निर्णय तुला आजही पूर्ण पटत नसेल, तर तेही लिही. सतरा वर्षांच्या मुलीला सगळी उत्तरं सापडलेली असावीत, अशी कुणाची अपेक्षा नसते.

विषय मुळात तुझ्यावरच सोपवलेला आहे: कॉमन ॲपच्या निबंधासाठी दिलेल्या सात प्रश्नांपैकी शेवटचा "तुमच्या आवडीचा विषय" असाच आहे. शब्द किमान २५०, जास्तीत जास्त ६५०. स्पर्धा नाहीत म्हणून खंतावू नकोस. उपक्रमांच्या यादीत घरच्या जबाबदाऱ्यांचा प्रकारच दिलेला आहे. वेचणीचा हिशेब तिथंही भर, आठवड्याचे तास लिहून.

इंग्रजीची भीती समजते. आधी आपल्या वऱ्हाडीत लिही, बायांशी बोलतेस तसं. मग छोट्या वाक्यांत इंग्रजी कर. स्पेलिंग आणि काळ इंग्रजीच्या सरांकडून तपासून घे, पण वाक्यं त्यांना बदलू देऊ नकोस. एआयकडून लिहून घेऊन ते आपलं म्हणून पाठवणं कॉमन ॲपच्या नियमात फसवणूक ठरतं. आणि तसला गुळगुळीत निबंध तुझा वाटणारही नाही.

बऱ्याच कॉलेजांची मुदत १ जानेवारीच्या आसपास संपते, म्हणून पहिला मसुदा वेचणी चालू असतानाच लिही. काट्यापाशी कानावर पडलेलं बोलणं त्याच रात्री उतरवून ठेव. आणि शिफारसपत्रासाठी सरांना या आठवड्यातच विचार. बारावीच्या प्रॅक्टिकलची गडबड सुरू झाली की त्यांनाही सवड मिळणार नाही.