रंगूनला आधी छत्रीधारी कशाला?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात, १९४५मध्ये, ब्रिटिशांचं जपान्यांकडून ब्रह्मदेशातलं रंगून समुद्रातून घ्यायचं ठरलं होतं, मग आधी छत्रीधारी सैनिक का उतरवले?

उत्तर : नदीमुळे! रंगून समुद्रकाठी नाही, नदीतून आत जावं लागतं. नदीच्या मुखाशी एलिफंट पॉइंटला जपानी तोफा. त्या गप्प केल्याशिवाय सुरुंग काढणारी जहाजं आत शिरणार कशी? म्हणून १ मे रोजी गुरखा पॅराशूट बटालियन उतरवली. पावसात, चिखलपाणी तुडवत बिचारे निघाले, त्यात आपल्याच बाजूच्या, दोस्त राष्ट्रांच्या विमानांचे बॉम्ब त्यांच्यावर पडले. दुसऱ्या दिवशी २६वी हिंदी डिव्हिजन किनाऱ्याला लागली. आणि जपानी? ते शहर सोडून केव्हाच पसार! जपान्यांनी पकडलेल्या दोस्त युद्धकैद्यांनी रंगूनच्या तुरुंगाच्या छपरावर ‘जपानी गेले’ असं मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवलं होतं. मला तर त्या रंगाचा डबा कुणी पैदा केला, याचंच कुतूहल वाटतं.