डोक्याला मार लागलेल्या नवऱ्याला 'वेडा' ठरवावं लागेल का?

प्रश्न : साडेचार महिन्यांपूर्वी माझ्या मिस्टरांच्या दुचाकीला टेम्पोने मागून धडक दिली. डोक्याला मार लागला, 19 दिवस आयसीयूत होते. आता चालतात, बोलतात, आलेल्या-गेलेल्याला ओळखतात. पण परवा मुलीला शाळेतून आणायला गेले आणि एकटेच परत आले. एक मोजा घालून तासभर तसेच बसून राहतात. मध्येच इतके चिडतात की मुलगी घाबरते. सही जुळत नाही म्हणून बँक पैसे देत नाही. ते खासगी कंपनीत हिशेबाचं काम करायचे. कंपनी म्हणते, 'राजीनामा द्या, हिशेब करून टाकू.' धाकटे दीर म्हणतात, अंगठा घेऊन कुलमुखत्यारपत्र करू, नाहीतर कोर्टातून वेडा ठरवून घ्यावं लागेल. हॉस्पिटलने डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहून दिल्या, पुढे कुठे जायचं ते कुणीच सांगितलं नाही. मी काय करू? आणि हे सगळं त्यांना न सांगता करणं चूक आहे का?

उत्तर : ताई, आधी तारीख बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) प्रमाणे नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. ही अट 1 एप्रिल 2022 पासून आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तुमच्याकडे साधारण दीड महिना आहे. दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात लावायला हवा असं नाही, तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही चालतो. एफआयआर, पंचनामा, टेम्पोच्या विम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि हाती असतील तेवढी बिलं घेऊन आधी दावा दाखल करा. राहिलेले कागद मागून देता येतात. वकिलाची फी हा प्रश्न असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना आणि दिव्यांगांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही. 15100 या हेल्पलाइनवर फोन केलात तरी चालेल.

आता वेडेपणाचं. दावा मिस्टरांच्याच नावाने करायचा आणि तुम्ही त्यांच्या 'वादमित्र' म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने दावा चालवणारी व्यक्ती म्हणून उभं राहायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32 मधल्या नियम 15 नुसार न्यायालय चौकशी करून एवढंच बघतं, की मानसिक दुर्बलतेमुळे हा माणूस स्वतःचं हित जपू शकतो की नाही. त्यासाठी त्यांच्यावर 'वेडा' असा शिक्का बसवावा लागत नाही. वादमित्राला न्यायालयाच्या परवानगीशिवाय तडजोडही करता येत नाही. त्यामुळे विमा कंपनीचा माणूस लोकअदालतीच्या आदल्या दिवशी घरी येऊन 'एवढ्यात मिटवून टाका' म्हणाला, तर हा नियम तुमच्या बाजूचा आहे.

कुलमुखत्यारपत्राचा नाद मात्र सोडा. आपण काय लिहून देतोय हे ज्याला समजत नाही, त्याच्या अंगठ्याला किंमत नाही. आणि आज समजून दिलं, पण पुढे समज गेली, तर करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे तो अधिकारच संपतो. दिरांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, चांगलंच असेल. पण जमीन, घर किंवा कर्ज यांचा एक शब्द जरी त्या कागदात असेल, तर तो माझ्यासारख्या तिऱ्हाईत वकिलाला दाखवल्याशिवाय निबंधक कार्यालयाची पायरी चढू नका.

बँकेचं काम बहुतेक याहून सोपं निघेल. पैसे काढतोय हे मिस्टरांना कळत असेल, फक्त हात थरथरत असेल, तर बँकेने नवीन सहीचा नमुना घ्यायला हवा. सही अजिबातच जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हातच चालत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा! शाखाधिकाऱ्याला हे माहीत नसण्याची शक्यता आहे, म्हणून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. त्यांची समज चांगली असेल अशा एखाद्या दिवशी खातं दोघांच्या नावावर करून घेतलंत, तर अर्धी कटकट मिटेल.

व्यवहार त्यांना खरोखरच कळत नसेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 14 आहे. त्यात 'मर्यादित पालकत्व' आहे, म्हणजे ठरावीक निर्णयांपुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्यांच्या सल्ल्याने चालणारं. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. अशा कामासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या 'स्थानिक स्तर समिती'कडे जा, असंही कुणी सांगेल. ती समिती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांपुरतीच. तुमचा वेळ तिथे बहुधा फुकट जाईल.

आता मदत कुठे मिळते, ते. तिथे पोचायला आधी दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागतं, आणि खरी मेख तिथेच आहे. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांच्या यादीत 'मेंदूची इजा' हे नावच नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या खिडकीवर 'डोक्याला मार लागलाय' एवढंच सांगितलंत तर 'चालतात ना नीट?' म्हणून परत पाठवतील. इजा सांगू नका, तिचे परिणाम सांगा. याच यादीत 'मानसिक आजार' आहे आणि त्याच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती, भान आणि स्मृती यांचा मोठा बिघाड येतो. बोलताना शब्द सापडत नसतील तर 'वाचा आणि भाषा दिव्यांगता' आहे, तिच्या व्याख्येत अफेजियाचं नाव घेतलेलं आहे. एका अंगात जोर कमी असेल तर 'अस्थिव्यंग' आहे. सुधारणेला वाव असेल तर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, पुढे पुन्हा तपासणी होते. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावरून करायचा.

पण प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर दहा मिनिटांत हे दिसत नाही. माझे एक पक्षकार साक्षीला उभे राहिले. नाव, गाव, तारीख, मुलांची शिक्षणं, सगळं टकाटक सांगितलं. समोरचे वकील माझ्याकडे बघून हसले. बाहेर व्हरांड्यात आलो तर पक्षकारांनी मला विचारलं, 'वकीलसाहेब, आपल्याला आत कधी बोलावतात?' मेंदूची इजा अशी लपून बसते. म्हणून दोन कामं करा. एक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून स्मृती, एकाग्रता आणि निर्णयक्षमता यांची सविस्तर चाचणी करून लेखी अहवाल घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली ही सोय जिल्हा रुग्णालयात असू शकते, नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. दोन, आजपासून वही घाला. शाळेतून एकटे परत आले, तारीख. गॅस तसाच चालू राहिला, तारीख. शेजाऱ्यांनी पाहिलं असेल तर त्यांचं नाव.

हाच अहवाल आणि हीच वही तुम्हाला दाव्यात, बँकेत, कंपनीत आणि दवाखान्यात, सगळीकडे लागणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलं, की शरीराची दिव्यांगता किती टक्के आणि कमाईची ताकद किती गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस काय काम करत होता ते बघावं लागतं. हिशेब लिहिणाऱ्याची स्मृती तीस टक्के गेली तरी त्याची कमाई जवळजवळ सगळीच जाऊ शकते. 2020 मध्ये मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात याच न्यायालयाने सोबतीला लागणाऱ्या माणसाचा खर्चही गुणक पद्धतीने, म्हणजे वर्षाचा खर्च वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणून धरला. तुम्ही दिवसभर जे करताय ते 'बायकोचं कर्तव्य' म्हणून सोडून देऊ नका. दाव्यात त्याचा वेगळा आकडा घाला.

सेवांसाठी सरकारी रुग्णालयातल्या 'समाजसेवा अधीक्षकां'ना भेटा. डॉक्टरांना वेळ नसतो, पण कुठल्या वारी कोणती थेरपी चालते, कुठली योजना कुणाला लागू होते, हे या माणसाला ठाऊक असतं. त्यांच्याकडे स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र ही तीन नावं घेऊन विचारा. नुसतं 'काही मदत मिळेल का' विचारलं तर उत्तरही तसंच मोघम मिळतं. फार चिडचिड झाली त्या रात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावा, तो तुमच्यासाठीही आहे. सरकारी कामात अडवणूक झाली तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते.

राजीनाम्यावर सही होऊ देऊ नका. सरकारी आस्थापनेत असते तर 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 20(4) प्रमाणे त्यांना काढताच आलं नसतं, दुसऱ्या पदावर त्याच वेतनश्रेणीत घ्यावं लागलं असतं. खासगी कंपनीवर हे बंधन नाही. पण दिव्यांगत्वामुळे नोकरी सुटली तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही, आणि कायमची पूर्ण अक्षमता ठरली तर 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत एक महिन्याच्या वर्गणीवरही निवृत्तिवेतन आहे. स्वखुशीच्या राजीनाम्याने ही दोन्ही दारं अवघड होतात. कंपनीला ईमेल करा : उपचार चालू आहेत, वैद्यकीय अहवाल येईपर्यंत रजा द्यावी, राजीनाम्याचा विचार नाही. फोनवर बोलणं झालं तरी नंतर त्याचा सारांश ईमेलने पाठवा.

शेवटी तुम्ही विचारलं आहे, की हे सगळं त्यांना न सांगता करणं चूक आहे का. सांगा. विसरतील, पुन्हा सांगा. कलम 14 चा पालकही त्यांना विचारूनच चालतो. वकीलपत्रावर वादमित्र म्हणून तुमची सही लागेल. शेजारी त्यांची घ्या, वाकडी आली तरी चालेल.