मुंब्र्यात पहिली खोली भाड्याने देताय?
भाई, आधी हेवी डिपॉझिटचा मोह सोडा. मुंब्रा-कौशात सर्रास चालतं: पाच लाख घ्यायचे, भाडं शून्य, घर सोडताना रक्कम परत. पण ते पाच लाख म्हणजे भाडेकरूने तुम्हाला दिलेलं कर्ज, आणि फुकटचं राहणं हा त्यावरचा फायदा. अनेक उलेमा, म्हणजे इस्लामी धर्मपंडित, याला सूदच मानतात, म्हणजे हराम असलेलं व्याज. नावापुरते पाचशे रुपये भाडं लावूनही सुटका नाही. सरळ बाजारभावाने भाडं घ्या.

बाकी सुरुवातीला एवढंच:
- भाडं आणि मुदत आधीच ठरवा, ‘बघू नंतर’ नको. करार नोंदवा, १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती मालकाचीच जबाबदारी आहे.
- गाळा दारू-मटक्याला नको.
- छत गळलं तर दुरुस्ती तुमची.

भाडं उशिरा आलं तर दंड घ्यावा का, हा मसला आत्ता राहू द्या. अडलंच तर करार घेऊन मुफ्तीसाहेबांकडे जा, बिनधास्त विचारा.