पडद्यावरच्या वर्गाचे निरीक्षण

प्रश्न : मी नाशिकच्या एका अध्यापक महाविद्यालयात बी.एड. करते. यंदा आम्हांला सुरगाणा तालुक्यातील शाळेचे तास ऑनलाइन दाखवणार आहेत. अशा निरीक्षणातून प्रत्यक्ष वर्गात बसल्यासारखे शिकता येईल का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : आंतरवासितेची, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष जाऊन करायच्या अध्यापन-सरावाची, जागा हे निरीक्षण घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये. मात्र एकच शिक्षिका तिसरीला गणिते घालून देते आणि त्याच वेळी चौथीचे वाचन ऐकते, असा बहुवर्ग अध्यापनाचा तास शहरातील विद्यार्थिनीला एरवी क्वचितच पाहायला मिळतो.

तासाचे चित्रीकरण मिळणार असेल, तर ते अवश्य मागून घ्या. शिक्षक आणि मुले यांच्यातील बोलण्याची नोंद करणाऱ्या, शिक्षण-संशोधक फ्लँडर्स यांच्या आंतरक्रिया विश्लेषण पद्धतीत दर ३ सेकंदांनी वर्गातील बोलणे १० प्रकारांपैकी एकात नोंदवावे लागते. मागच्या बाकावर बसून हे साधणे नवख्याला जड जाते, पण चित्रीकरण थांबवून, मागे नेऊन ते निवांत करता येते. निदान शिक्षिका प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबते, एवढे तरी मोजा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना हा अवधी साधारण १ सेकंदच आढळला होता, आणि तो ३ सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे अधिक लांब व विचारपूर्वक येऊ लागली.

कॅमेरा बहुधा फळ्याकडे रोखलेला असतो, त्यामुळे मुलांच्या वह्या आणि कोपऱ्यातले गप्प मूल दिसत नाही. म्हणून तासानंतर त्या शिक्षिकेशी बोलण्याची वेळ आधीच ठरवून घ्या. शाळेची व पालकांची संमती घेतल्याची खात्री करा, आणि मुलांचे चेहरे दिसणारे चित्रीकरण व्हॉट्सअ‍ॅपवर मुळीच फिरवू नका.