वाचकांचे प्रश्न : उपकेंद्रातला थर्मल कॅमेरा

प्रश्न : आमच्या घरासमोर २२० केव्हीचे उपकेंद्र आहे. गेल्या महिन्यात काळोख पडल्यावर दोन कर्मचारी हातातला कॅमेरा तारांच्या जोडांवर एकेक करून रोखत फिरत होते. विचारल्यावर "थर्मोव्हिजन चालू आहे" एवढेच उत्तर मिळाले. अंधारात या कॅमेऱ्याला काय दिसते? त्यातून उपकेंद्राचे रक्षण कसे होते? आणि आमच्या घराच्या भिंतीआडचेही त्यात दिसते का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ती मनात असताना बाकीच्या मजकुराकडे आपले लक्ष लागणार नाही. भिंतीआडचे या कॅमेऱ्याला दिसत नाही. हा कॅमेरा उष्णतेच्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवर चालतो; खिडकीची साधी काचसुद्धा हे किरण अडवते, आणि म्हणूनच त्याचे भिंग काचेचे नसून बहुधा जर्मेनियमचे असते.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असलेल्या वस्तूचे हे किरण सुमारे १० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीला सर्वांत तीव्र असतात. ते पडल्यावर कॅमेऱ्यातील सूक्ष्म संवेदक किंचित तापतात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलातून चित्र तयार होते. त्यामुळे बाहेरच्या प्रकाशाची गरजच उरत नाही.

उपकेंद्रात हे तपासणे का आवश्यक असते? तारेचा जोड आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट सैल झाला किंवा जोडावर गंज चढला, की तेथील रोध वाढतो आणि जोड तापतो. तापल्यामुळे गंज आणखी वाढतो, आणि हे चक्र वेळीच तोडले नाही तर एके दिवशी तार तुटते. निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे प्रवाह निम्मा असेल तर उष्णता चौथाईवर येते. आपण पाहिलेले कर्मचारी सायंकाळी आले त्याचे कारण हेच : त्या वेळी भार, म्हणजे तारांतून जाणारा प्रवाह, जास्त असतो आणि उन्हाने तापलेले धातूही निवू लागलेले असतात. कमी भारावर भरदुपारी उरकलेली तपासणी माझ्या मते न केल्यापेक्षा वाईट, कारण तिच्यामुळे खोटा दिलासा मिळतो.

पडद्यावरच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः फारच थोडे अवरक्त किरण टाकते आणि वरच्या थंड आकाशाचे प्रतिबिंब दाखवते, त्यामुळे तापलेला जोडही थंड भासू शकतो. अनुभवी माणूस म्हणूनच आर, वाय आणि बी या तिन्ही फेजमधला (वीज वाहून नेणाऱ्या तीन वेगळ्या तारांवरचा) तोच जोड एकमेकांशी ताडून पाहतो. दोष नेहमी तापलेल्या जागीच असतो असेही नाही. रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) एखादा रेडिएटर, म्हणजे आतले तेल थंड करणारा भाग, शेजारच्यांपेक्षा गार दिसला, तर त्याची झडप बंद राहिली असण्याची शक्यता असते. रोहित्राच्या आतील गुंडाळी मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून तेलात विरघळलेले वायू तपासतात. त्यात ॲसिटिलीन आढळले, तर आत ठिणग्या पडत असल्याचा तो इशारा असतो.

घातपातापासूनच्या रक्षणासाठी अमेरिकेतील एक घटना सांगणे योग्य होईल. १६ एप्रिल २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळच्या मेटकाफ उपकेंद्रावर हल्ला झाला. हल्लेखोरांनी आधी दूरसंचाराच्या भूमिगत केबल तोडल्या आणि मग कुंपणाबाहेरून रायफलींनी गोळ्या झाडून १७ रोहित्रे निकामी केली. रेडिएटर फुटून तेल वाहून गेले आणि रोहित्रे तापून बंद पडली. वीज दुसऱ्या मार्गांनी वळवल्यामुळे शहर अंधारात गेले नाही, तरी नुकसान दीड कोटी डॉलरच्या पुढे गेले. या घटनेनंतर तेथे महत्त्वाच्या उपकेंद्रांच्या प्रत्यक्ष सुरक्षेसाठी बंधनकारक नियम झाले, आणि कुंपणाबाहेरच्या अंधारातला माणूस टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यांचे महत्त्व पटले.

या कॅमेऱ्यांनाही आपल्या हवामानाच्या मर्यादा आहेत. मुसळधार पावसात चित्र धूसर होते, तर विदर्भातील उन्हाळ्यात तापलेली जमीन आणि माणसाची त्वचा यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही. म्हणूनच जोडीला कुंपणावर कंपन ओळखणारी संवेदक केबल असणे हिताचे ठरते.

रात्री एखादा जोड नुसत्या डोळ्यांना लालसर दिसला, तर त्याचे तापमान ५०० अंशांच्या पुढे गेलेले असते. अशा वेळी कुंपणाजवळ न जाता उपकेंद्राच्या नियंत्रण कक्षाला लगेच फोन करावा आणि कोणत्या खांबावरचा कोणता जोड, ते नेमके सांगावे.